एकतीस नंबरची डबी

भिंतीवर खिळे ठोकून ताणलेल्या एका पांढऱ्या चादरीकडे साठ-सत्तर माणसं श्वास रोखून बघत होती. खरं तर या धुलाईच्या कारखान्यात अशा हजारो चादरी रोज येतात, उकळतात, पिळल्या जातात, रोलरखालून सपाट होऊन निघून जातात. त्यांच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. पण त्या शनिवारी चादरीवर माणसांची नाती उमटणार होती.

दिवे मालवले. चादरीवर ठिपके उगवले. प्रत्येक ठिपक्याला नंबर, आणि ठिपक्याठिपक्यांमध्ये रेषा. काही केसासारख्या बारीक, काही दोरखंडासारख्या जाड.

“माणूस खोटं बोलतो,” पुढे उभा असलेला गृहस्थ हळू, तुपाळ आवाजात म्हणाला. “अंतर खोटं बोलत नाही. तोंड लपवतं, छाती सांगते. मला तुमची नावं नकोत. नाव ऐकलं की मन झुकतं. मला फक्त नंबर द्या, मी तुमचं अंतरंग देतो.”

“आई गं!” घडीवाल्या बायकांपैकी एक पुटपुटली. तिला अजून काही दिलं नव्हतं, पण घ्यायची तयारी झाली होती.

करडा सूट, गुळगुळीत दाढी, हातात लाल उजेड टाकणारी काडी. मालकाने त्याला मानवी संबंधांचा तज्ज्ञ म्हणून आणला होता. कारखान्याने पहिल्याच दिवशी त्याचं नाव ठेवलं जाळेबुवा. आधी थट्टेने म्हणायचे. महिन्याभरात नाव तेच राहिलं, म्हणणाऱ्यांच्या माना मात्र खाली गेल्या.

त्याने प्रत्येकाच्या गळ्यात काडेपेटीएवढी एक डबी अडकवली होती. डबीला पुढे काचेचा बारीक डोळा. दोन डब्या हातभर अंतरात, एकमेकींकडे तोंड करून आल्या की न दिसणाऱ्या उजेडाने एकमेकींना टिपायच्या आणि किती वेळ समोरासमोर होत्या ते लिहून ठेवायच्या. बस्स, एवढंच. शिंप्याच्या टेपला जेवढी अक्कल तेवढी. पण टेप मापाबरोबर शिंप्याचं प्रवचन देत नाही. इथे प्रवचन फुकट होतं.

“चार नंबर आणि चौतीस नंबर!” लाल ठिपका एका जाड रेषेवर थरथरला. “यांचं रक्ताचं नातं आहे.”

हॉलमध्ये खसखस पिकली. चार नंबर म्हणजे घडीवाली आत्या, चौतीस तिचा सख्खा भाचा. एकाच दिवशी कामाला लागलेले. आत्याने तिथल्या तिथे हात जोडले.

“आणि अकरा आणि बारा. यांच्यात रेषाच नाही. या दोघी मैत्रिणी होत्या. एका उसन्या वस्तूवरून फिस्कटलं. बरोबर?”

अकरा नंबरच्या इस्त्रीवालीने तोंडावर पदर घेतला. “घमेलं!” ती रडवेली झाली. “घमेलं नेलं होतं हिने माझं!”

“परत केलं होतं!” बारा नंबर ओरडली.

“चेपवून!”

टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात वाजवल्या त्या मागच्या बाकावरच्या रफूबाईने.

रफूबाई म्हणजे कारखान्यातल्या फाटक्या चादरींची डॉक्टर. पन्नाशीची, नाकावर चष्मा, जिभेवर सुई. रोलरच्या खोलीत जायच्या अरुंद बोळात खिडकीपाशी तिचं स्टूल. येणारी-जाणारी प्रत्येक व्यक्ती तिच्या गुडघ्याला घासून जायची आणि जाताना काहीतरी सांगून जायची. कोणाची सून रुसली, कोणाचा दात पडला, कोण कोणाशी बोलत नाही, सगळ्या नोंदी तिच्या डोक्यात चोख. गंमत अशी की चादरीवर तिचा एकसष्ट नंबर अगदी कोपऱ्यात, एकटा. एकही रेषा नाही. दिवसभर मान खाली घालून शिवणाऱ्या बाईची डबी तिच्या मांडीकडेच बघणार.

“हा एकसष्ट,” जाळेबुवा हळहळला, “सुकलेला ठिपका. याला जगात कोणी नाही.”

“आणि त्याच्या शेजारचा तो बिननंबरचा?” कोणीतरी विचारलं.

जाळेबुवाने डोळे मिटले. “काही माणसं नंबराच्या पलीकडची असतात.”

“अहो, ते मी केलेलं रफू आहे,” रफूबाई म्हणाली. “चादर फाटकी लावलीय तुम्ही.”

लोक हसले. जाळेबुवाही हसला. आणि सोमवारपासून तो बोळात येऊन बसू लागला.

मालक ज्याला खुर्ची देतो तो माणूस आपल्या टोपलीशेजारी उकिडवा बसतो, याचं रफूबाईला कोण अप्रूप! चहाचे दोन कप तोच घेऊन यायचा.

“मला काही विचारायचं नाही हं, बाई,” तो म्हणायचा. “यंत्र सगळं सांगतंच. तुमचं बोलणं ऐकायला आवडतं, एवढंच.”

ज्या बाईला जगात कोणी नाही असं जाहीर झालं होतं, तिला ऐकणारा मिळाला. मग काय, पाट फुटला. घमेल्याची गोष्ट तर त्याने पहिल्या भेटीतच, डब्या वाटायला आला होता तेव्हा, तिच्याकडून नेली होती. आता बाकीच्या गेल्या. दर शनिवारी त्याच गोष्टी सुटाबुटात, लाल उजेडात, चादरीवरून परत यायच्या, आणि रफूबाईला वाटायचं, बघा, यंत्रसुद्धा आपल्यासारखंच म्हणतंय! आपण किती नेमकं ओळखतो माणसं!

दुसऱ्या महिन्यात बावीस आणि बावन्नची रेषा जाड निघाली. बावीस नंबरचं लग्न ठरलेलं, बावन्न दोन मुलांचा बाप. लोकांनी दोघांना आठ दिवस असं सोलून काढलं की बावन्नने नोकरी सोडली आणि बावीसचं लग्न मोडलं. “यंत्रापुढे काय लपतंय!” रफूबाई तेव्हा म्हणाली होती. सुईत दोरा ओवता ओवता. हसून.

हे हसू तिच्या खाती जमा राहिलं.

पुढच्या शनिवारी लाल ठिपका नऊ आणि एकोणचाळीसवर थांबला.

“ही रेषा बघा,” जाळेबुवाचा आवाज खाली गेला. “रोज पावणेचार तास. समोरासमोर. हातभर अंतरावर.”

नऊ नंबर म्हणजे रफूबाईची धाकटी बहीण, रोलरवर चादरी लावणारी. एकोणचाळीस म्हणजे बॉयलरवाला, गप्प, बिनलग्नाचा. आणि धाकटीचा नवरा, कारखान्याची व्हॅन चालवणारा, दारात हाताची घडी घालून उभा होता.

“काहीतरीच!” धाकटी उठून उभी राहिली. “मी तर यांच्याशी बोलतसुद्धा नाही!”

“बोलत नाही,” जाळेबुवाने ते शब्द हलकेच उचलले, “पण पावणेचार तास समोर असता. न बोलता. ताई, हे जास्त गंभीर आहे.” मग त्याने चादरीवर तळहात ठेवला, वैद्याने नाडी बघावी तसा. “ही गाठ आजची नाही. जुनी आहे. लग्नाच्या आधीची.”

बॉयलरवाल्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला. सगळ्या हॉलने तो पाहिला. साठ माणसांच्या मनात त्याच क्षणी निकाल लागला.

धाकटी तेवढी गोंधळून इकडे तिकडे बघत होती. तिला खरंच काही माहीत नव्हतं. माहीत होतं ते दोनच माणसांना. नऊ वर्षांपूर्वी बॉयलरवाल्याने धाकटीसाठी मागणी घातली होती. तिच्याकडे नाही, रफूबाईकडे. आईबाप नव्हते, थोरली हीच. रफूबाईने बहिणीला न विचारताच नकार कळवला होता. बॉयलरच्या काजळीत बहीण द्यायची नव्हती. स्वच्छ शर्टातला व्हॅनवाला तिने आधीच हेरून ठेवला होता. ही गोष्ट तिने नऊ वर्षं पोटात ठेवली आणि गेल्या मंगळवारी, चहाच्या दुसऱ्या घोटाला, जाळेबुवाला गंमत म्हणून सांगितली.

मालकाने खाकरून निर्णय दिला. बाईने आठवडाभर घरी बसावं. बॉयलरवाल्याला काढता येत नाही, बॉयलर कोण बघणार? पुढच्या शनिवारी चादर काय म्हणते ते बघून दोघांचं काय करायचं ते ठरेल. त्याच दिवशी, एकोपा वाढावा म्हणून, ज्याची नाती सगळ्यांत घट्ट त्याला ‘कारखान्याचं हृदय’ म्हणून शाल घालण्यात येईल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांना आपण कुठल्या वाक्यासाठी आहोत हे कुठे ठाऊक असतं!

संध्याकाळी धाकटी ताईच्या खोलीवर आली ती एका पिशवीनिशी. मुलगी बरोबर नव्हती.

“पोर कुठंय?”

“दिली नाही. म्हणाले, तू जा, माझी पोर इथंच राहील.” धाकटी भिंतीला टेकून बसली. “ताई, म्हणाले शनिवारी चादर म्हणेल तसं करीन. म्हणजे मी सहा वर्षांच्या पोरीची आई आहे की नाही ते आता चादर सांगणार?”

“तू पाणी पी आधी.”

“जुनी म्हणजे कधीची गं? तो माणूस जुनी म्हणाला. मी तेव्हापासून आठवून बघतेय. मी कधी त्या माणसाकडे नीट बघितलंसुद्धा नाही. तोच मान वळवून जातो मला बघून. का वळवतो, देव जाणे.”

रफूबाईने पाण्याचा तांब्या पुढे केला. तोंडापर्यंत आलेली गोष्ट पाण्याबरोबर परत गिळली.

पण गिळलेली गोष्ट डोक्यात गेली आणि तिथे टोचू लागली. डब्या गळ्यात येऊन होत होते दोन महिने. दोन महिन्यांच्या डबीला नऊ वर्षांपूर्वीचं कसं कळलं? टेपने माप घेतलं तर कंबर कळते, पण बारशाला काय नेसली होती ते कळेल का? म्हणजे जुनी गाठ यंत्रातून आली नाही. ती आपल्या तोंडातून गेली. ठीक. मेल्याने ती आपल्याकडून नेली. पण मग ते पावणेचार तास कुठून आणले? ते तर आपण सांगितले नव्हते.

सोमवारी ती स्टुलावर बसली आणि पहिल्यांदाच माणसांकडे न बघता भिंतींकडे बघितलं.

रोलरच्या खोलीत गळ्यात काही घालून जायचं नाही, हा या कारखान्यातला सगळ्यांत जुना नियम. एकीची ओढणी रोलरने खेचली होती तेव्हापासूनचा. बॉयलरपाशीही प्लॅस्टिक नको, वितळतं. म्हणून आत जाताना जो तो डबी काढून बोळातल्या आपल्या खुंटीला अडकवायचा, आणि जेवणाच्या सुट्टीत, घरी जाताना पुन्हा घालायचा. जाळेबुवाने तर बजावलं होतं, डबी क्षणभरही काढायची नाही. त्याचं ऐकावं तर रोलरखाली जावं लागतं, नियम पाळावा तर मालकाची बोलणी. लोकांनी शहाणपणाचा मार्ग काढला. डबी काढायची आणि कोणाला सांगायचं नाही. सगळेच चोर, म्हणून कोणी कोणाचं नाव काढत नव्हतं.

बोळ एवढा अरुंद की दोन माणसं आडवी होऊनच एकमेकांना ओलांडतात. डाव्या भिंतीवर बायकांच्या खुंट्या, एक ते तीस. उजव्या भिंतीवर पुरुषांच्या, एकतीस ते साठ. समोरासमोर. हातभर अंतरावर.

रफूबाईच्या हातातली सुई थांबली. चार आणि चौतीस. बावीस आणि बावन्न. नऊ आणि एकोणचाळीस. दर वेळी तीसचा फरक! आत्या आणि भाचा एकाच दिवशी लागले म्हणून त्यांना समोरासमोरच्या खुंट्या मिळाल्या होत्या, रक्तामुळे नाही. ज्यांच्या डब्या उलट्या लटकायच्या किंवा झोके खात भिंतीकडे वळायच्या ते सुटले. ज्यांच्या नेमक्या तोंडाला तोंड लावून लटकल्या ते बदनाम झाले.

आणि समोर नऊ नंबरच्या खुंटीवर धाकटीची डबी होती, शनिवारी घरी जाताना तिने काढून टांगलेली. धाकटी इथून दोन मैलांवर ताईच्या खोलीत गुडघ्यांत डोकं घालून बसली होती, आणि तिची डबी इथे बॉयलरवाल्याच्या डबीकडे टक लावून बघत होती.

आणखी एक आठवलं. दोन आठवड्यांपूर्वी चहा घेऊन येताना जाळेबुवाने जाता जाता एक उलटी लटकलेली डबी बोटाने सरळ केली होती. अलगद, चित्र सरळ करावं तशी. म्हणजे त्याला माहीत होतं.

ती मालकाकडे गेली. मालक म्हणाला, “तुझी बहीण आहे, म्हणून तुला खुंट्या दिसतात.”

ती व्हॅनवाल्याकडे गेली. “अहो मेहुणे, डोळ्यांनी येऊन बघा तरी. त्या खुंट्या भेटतात, माणसं नाही.”

“ताई, तुम्ही मोठ्या आहात म्हणून ऐकून घेतो,” तो व्हॅनची काच पुसत म्हणाला. “पण यंत्राला माझ्या बायकोशी काय वैर आहे? आणि तुमचं म्हणणं खरं, तर त्या बॉयलरवाल्याचा चेहरा का पडला?”

याचं उत्तर तिच्यापाशी होतं. दिलं असतं तर पोर त्याच दिवशी आईकडे आली असती, कदाचित. ते तिने दिलं नाही. बहिणीला वाचवायचं, पण स्वतःला न उघडता, असा तिचा हिशोब होता. रफू करणारीला असंच वाटतं, की टाके आतल्या बाजूला राहतील.

तिने दुसरा मार्ग काढला. हजेरीच्या टेबलाच्या खणात एकतीस नंबरची डबी पडून होती. इस्त्रीमामाची. कारखान्यातला सगळ्यांत जुना माणूस. डब्या आल्या त्याच आठवड्यात झोपेत गेला. नाव कोणी काढलं नव्हतं, कारण नंबर यंत्रात घातलेला होता आणि यंत्राला हात लावायची कारकुनाची छाती नव्हती. रफूबाईने डबी उचलली, फडक्याने पुसली आणि खुंटीवर टांगली.

आठवडाभर ती डबी कारखानाभर पाहुणचार घेत हिंडली. सगळे आत, बोळात रफूबाई एकटी. हा तास घडीवालीच्या समोर, पुढचा तास इस्त्रीवालीच्या, मग भिंत बदलून पुरुषांपुढे. आयुष्यात चार शब्द न बोलणारा इस्त्रीमामा मेल्यावर घरोघर जाऊन बसला.

शनिवार आला. तीच रफू केलेली चादर. धाकटी पुढच्या बाकावर, बोलावून आणलेली. तिच्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या. व्हॅनवाला दारात. बॉयलरवाला मागे, जमिनीकडे बघत.

“मला दुःख होतं,” जाळेबुवा म्हणाला आणि ते कोणालाही दिसेल अशी सोय करून त्याने चष्मा काढला. “नऊ आणि एकोणचाळीस. इतकं होऊनही भेटी थांबल्या नाहीत. या आठवड्यातही रोज पावणेचार तास. पाळीच्या वेळेत.”

रफूबाईने वाट बघितली. आता कोणीतरी म्हणेल. अरे, ती तर घरी होती! आठवडाभर फाटकातून आत आली नाही! साठ माणसं रोज तिची रिकामी जागा बघत होती.

“बेशरम!” आत्या म्हणाली.

“म्हणजे चोरून येत होती,” व्हॅनवाला म्हणाला.

“मागच्या दाराने,” कोणीतरी वाटही दाखवली.

जिवंत बाईबद्दल लोक काहीही मानायला तयार असतात. पुरावा मागायची वेळ येते ती मेलेल्या पुरुषावर.

“पण दुःखात आनंदही आहे,” जाळेबुवाने चष्मा चढवला. लाल ठिपका फिरला, आणि चादरीवर कोळ्याच्या जाळ्यासारखा एक ठिपका उजळला. सगळ्या जाड रेषा त्याच्यातून निघालेल्या. “बघा! असा माणूस मी पंधरा वर्षांत पाहिला नाही. सगळ्यांना वेळ देतो. कोणाला टाळत नाही. बायका, पुरुष, भेद नाही. शांत स्वभाव. ऐकून घेणारा. याच्या छातीत ऊब आहे, ऊब! हेच कारखान्याचं हृदय! एकतीस नंबरांनी पुढे यावं.”

मालकाने शाल उलगडली.

कोणी हललं नाही.

“लाजू नका, एकतीस!” जाळेबुवा हसला. “विनयही आहे बघा. त्यांच्या शेजारच्यांनी त्यांना उठवावं.”

“उठवायचं कसं?” मागून बारा नंबर म्हणाली. “आपणच सगळे पोचवून आलो त्यांना.”

“कुठे पोचवून आलात?”

“स्मशानात.”

आधी एक हुंदक्यासारखं हसू आलं, मग दुसरं, आणि मग हॉल फुटला. मालक शाल हातात धरून उभा होता, ती कोणाला घालावी ते त्याला कळेना. अकरा आणि बारा, ज्या घमेल्यावरून बोलत नव्हत्या, त्या एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होत्या. दोन महिन्यांत यंत्रामुळे जुळलेलं हे एकच नातं.

रफूबाई उठून पुढे आली.

“हसून झालं असेल तर ऐका,” ती म्हणाली. “इस्त्रीमामाची डबी मी टांगली. आज या खुंटीवर, उद्या त्या. तुम्ही सगळे आत जाताना डब्या काढून बोळात अडकवता. अडकवता की नाही? खाली काय बघता, सगळेच चोर आहात! डाव्या भिंतीवरची डबी उजव्या भिंतीवरच्या डबीकडे दिवसभर बघत बसते. यंत्र म्हणतं, डब्या भेटल्या. ते खरंच बोलतं. माणसं भेटली असं हा म्हणतो. चौतीसमधून चार वजा करा, बावन्नमधून बावीस, एकोणचाळीसमधून नऊ. दर वेळी तीस. ही रक्ताची गाठ नाही, सुताराने ठोकलेल्या खिळ्यांची आहे! माझी बहीण आठवडाभर घरी रडत होती आणि तुम्ही तिला मागच्या दाराने आणलीत. तुमच्या रोज डोळ्यांना दिसत होती तिची रिकामी जागा. डोळ्यांवर विश्वास नाही, चादरीवर आहे! आणि याला खुंट्या माहीत होत्या. उलटी डबी सरळ करताना मी बघितलाय याला.”

हॉलचा वारा फिरला. ज्या तोंडांनी बेशरम म्हटलं होतं, ती आता दुसरीकडे वळली. “पकडा त्याला!” आत्याच ओरडली, सगळ्यांच्या आधी. कोणीतरी एकतीस नंबरची डबी आणून त्याच्या गळ्यात घातली. कोणीतरी मालकाच्या हातातली शाल त्याच्या डोक्यावर टाकली. “पुढे या, हृदय! लाजू नका!” सूट फाटला. रफूबाईने तो आवाज ऐकला, कापड उभं फाटल्याचा, आणि तिला बरं वाटलं. ते तिने नाकारलं नाही.

शालीतून तोंड बाहेर काढून जाळेबुवा किंचाळला. आवाजातलं तूप थिजून गेलं होतं. “खुंट्या, खुंट्या काय करता! घमेलं काय खुंटीने सांगितलं? जुनी गाठ खुंटीने सांगितली? विचारा या रफूवालीला! सगळं हिने सांगितलंय, चहा पीत पीत! नऊ वर्षांपूर्वी त्या बॉयलरवाल्याने हिच्या बहिणीला मागणी घातली, हिने बहिणीला न विचारता नाही म्हणून टाकलं. हसत सांगितलंन! मी फक्त परत सांगितलं!”

जाळेबुवाने त्या कारखान्यात उच्चारलेली ही पहिलीच पूर्ण खरी वाक्यं होती.

त्याला फाटकाबाहेर काढलं. काढून आलेले लोक हात झटकत आपापल्या जागी बसले, जणू झाडून आले. मालकाने धाकटीला सोमवारपासून कामावर यायला सांगितलं, आणि कोणावर तरी राग काढायला हवा म्हणून सुताराला बोलावून खुंट्या उपटून टाकायला सांगितल्या.

व्हॅनवाला धाकटीपाशी आला. “चल घरी,” तो म्हणाला. “पोर वाट बघतेय.” मग थोडं थांबून, किल्ली बोटावर फिरवत, “यंत्र खोटं ठरलं. पण मागणी आली होती, हे तर खरं ना?”

ती निघाली, मुलीसाठी. दारापाशी बॉयलरवाल्याने तिला वाट दिली, नेहमीसारखी मान वळवून; आता ती का वळते ते तिला कळलं होतं, आणि हॉलमधल्या प्रत्येकाला.

जाताना ती थोरलीसमोर थांबली.

“त्याला सांगितलंस,” ती म्हणाली. “मला नाही सांगितलंस.”

“अगं, मी तुझ्या भल्यासाठी...”

“विचारायचं होतंस, ताई. हो म्हणाले असते की नाही, ते मलाही आता कधी कळणार नाही.”

याला आता वर्ष होईल. कारखान्यात नवीन माणूस लागला की रफूबाई त्याला स्टुलापाशी थांबवते आणि एकच धडा देते. कोणी यंत्र दाखवून तुझं मन सांगायला लागला, तर तीन गोष्टी विचार. यंत्राने नेमकं मोजलं काय? मोजलं तेव्हा ते कुठे लटकलं होतं? आणि मोजण्यात जे बसत नाही ते सांगणाऱ्याच्या कानात आधी कोण बोलून गेलं? पहिल्या दोन प्रश्नांना अक्कल लागते, ती सगळ्यांपाशी असते, वापरायचा आळस असतो. तिसऱ्याला हिंमत लागते, कारण उत्तरात कधीकधी आपलंच नाव निघतं. नवीन माणूस मान डोलावतो आणि जाता जाता, सवयीने, तिला घरचं काहीतरी सांगायला लागतो.

“मला नको सांगूस,” ती म्हणते.

धाकटी अजून रोलरवर आहे. बोळ अजून तेवढाच अरुंद आहे. दिवसातून चार वेळा थोरली स्टूल सरकवून उभी राहते, धाकटी आडवी होऊन तिच्यापुढून जाते, छातीला छाती लागेल इतक्या जवळून, वर्षभर एक शब्द न बोलता. जाळेबुवाच्या डब्या आज असत्या, तर चादरीवर त्या दोघींमधली रेषा, एकसष्ट नंबरची पहिलीच, उमटली असती.